ज्याची वही त्याच्याच हाती

व्यापारी घरातला माणूस निवृत्त केव्हा होतो, हे नेमके सांगता येत नाही. नोकरदाराची तारीख ठरलेली असते. त्या दिवशी हार घालतात, चार शब्द बोलतात, शाल-श्रीफळ देतात आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचा वेळ त्याचा होतो. पेढीवरच्या माणसाला असा निरोप कोणी देत नाही. एखाद्या दिवाळीला नव्या वहीवरचे पहिले अक्षर मुलगा लिहितो. मग केव्हातरी गल्ल्याची किल्ली त्याच्या खिशात जाते. मग जुने गिऱ्हाईकही भाव विचारताना मुलाकडे पाहू लागते. बसायची जागा तीच असते, तक्क्या तोच असतो, चहाही वेळेवर येतो. फक्त आपल्यावाचून काही अडत नाही, हे एका दुपारी ध्यानात येते.

ती दुपार फार लांब असते. कालचा रोजमेळ चाळावा, तर संगणकाने तो आधीच जुळवून ठेवलेला असतो. चूक काढायलाही जागा नसते. मग माणूस नोकरांवर चिडतो, मुलाच्या सौद्यात विनाकारण बोलतो, नाहीतर वर्तमानपत्राची तीच ती पाने उलटतो. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या नावे जमा-खर्च लिहिणाऱ्या हाताला आता लिहायला काय उरले, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अनेक घरांतला अबोला आणि अनेक घरांतली कुरबुर त्यातूनच उपजते.

वाचकहो, या महिन्यात त्याच दुपारीविषयी लिहावयाचे आहे. पण वाट जरा लांबची घेतो. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात पाईनहर्स्ट नावाचे एक गाव आहे. तेथे 1952 सालापासून पंचावन्न वर्षांवरील हौशी गोल्फपटूंची एक स्पर्धा भरते. तिचे नाव ‘नॉर्थ अँड साउथ सीनियर’, म्हणजे उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही प्रदेशांतील ज्येष्ठांची स्पर्धा. गोल्फ हा आपल्यापैकी बहुतेकांचा खेळ नव्हे, हे मला ठाऊक आहे. तरीही तिची हकीकत पेढीवर बसणाऱ्या माणसाने ऐकावी अशी आहे, कारण ती सुरू करणारेही व्यापारी घराण्यातलेच होते.

त्या घराण्याचे मूळ पुरुष जेम्स वॉकर टफ्ट्स. हे बोस्टनकडचे कारखानदार. औषधांच्या दुकानांत सोडावॉटर विकण्यासाठी जी नळांची सुबक यंत्रे असत, त्यांच्या धंद्यात त्यांनी पैसा मिळवला. 1895 साली त्यांनी नॉर्थ कॅरोलायनातील सुमारे साडेपाच हजार एकर जमीन विकत घेतली. भाव एकरी एक डॉलरच्या आसपास. एवढी स्वस्त जमीन कशी मिळाली, हे व्यापाऱ्याने विचारावेच. पाईन वृक्षांचे जंगल लाकडासाठी आधीच तोडून नेलेले होते आणि मागे उरली होती नुसती वाळू. अशा जागी उत्तरेकडच्या कडाक्याच्या थंडीतून आलेल्या लोकांसाठी हवापालटाचे गाव वसवावे, असा टफ्ट्स यांचा बेत होता.

गोल्फ त्या बेतात नव्हता. अशी हकीकत सांगतात की, काही पाहुणे गोठ्याजवळच्या कुरणात काठ्यांनी पांढरे चेंडू मारत हिंडू लागले आणि गाई बिथरतात अशी तक्रार मालकांकडे आली. मालकांनी पाहुण्यांना हटकण्याऐवजी गिऱ्हाईक काय मागते आहे ते ओळखले. 1898 साली तेथे पहिले मैदान आखले गेले. दोन वर्षांनी स्कॉटलंडमधील डॉर्नाक गावचा डोनाल्ड रॉस नावाचा तरुण कामाला लागला आणि 1948 साली मरेपर्यंत तो त्या वाळूवर मैदाने घडवीत राहिला. त्याचे 1907 सालचे ‘नंबर दोन’ मैदान आज जगभर ख्यात आहे. अमेरिकेची खुली राष्ट्रीय स्पर्धा, यूएस ओपन, तेथे 1999, 2005, 2014 आणि 2024 अशी चार वेळा झाली. त्या मैदानाचे वैशिष्ट्य असे की, जेथे चेंडू शेवटी खळग्यात घालावयाचा, ती हिरवळ कासवाच्या पाठीसारखी मधे उंच आणि कडांना उतरती असते. जोर लावून मारलेला चेंडू तिच्यावर टिकत नाही, घरंगळून खाली येतो. तरुणाच्या बाहूंपेक्षा वयस्काच्या अंदाजाला तेथे अधिक मोल आहे.

1901 साली तेथे हौशी खेळाडूंची ‘नॉर्थ अँड साउथ’ स्पर्धा सुरू झाली. उत्तर आणि दक्षिण या दोन शब्दांना त्या देशात एक जुनी जखम चिकटलेली आहे. त्यांच्यातील यादवी युद्ध संपून तेव्हा छत्तीसच वर्षे झाली होती. लवकरच स्त्रियांची स्पर्धा आली आणि धंदेवाईक खेळाडूंसाठी बक्षिसाच्या रकमेची खुली स्पर्धाही आली. खुल्या स्पर्धेचा मान मोठा होता. पुढे विख्यात झालेल्या बेन होगनला धंदेवाईक म्हणून स्वतंत्र असे पहिले विजेतेपद 1940 साली येथेच मिळाले.

1951 साली कारभार संस्थापकांचे नातू रिचर्ड टफ्ट्स यांच्या हाती होता. धंदेवाईक खेळाडूंनी बक्षिसाची रक्कम वाढवून मागितली. रिचर्ड यांनी नकार दिला आणि अर्धशतकाची परंपरा असलेली खुली स्पर्धा बंद केली. पुढच्याच वर्षी, 1952 साली, ज्येष्ठ हौशींची स्पर्धा सुरू झाली.

या निर्णयाचा विचार मी अनेकदा केला आहे. व्यवहाराच्या दृष्टीने तो चुकीचा ठरवता येईल. नामांकित खेळाडू आले की वर्तमानपत्रांत गावाचे नाव छापून येते, पाहुणे येतात, खोल्या भरतात. पंचावन्नच्या पुढचे कापडवाले, वकील, विमा एजंट खेळताना पाहायला तिकीट कोण काढणार? शिवाय धंदेवाईक खेळाडूंची मागणी गैर होती असेही म्हणता येत नाही. खेळ हीच त्यांची रोजी होती आणि रोजी वाढवून मागणे हा कष्टकऱ्याचा हक्कच आहे. तरी रिचर्ड टफ्ट्स यांची एक धारणा होती, की ज्या खेळाकडे माणूस काही मिळवायला येत नाही, तोच खेळ त्याला सर्वाधिक देतो. हौशी खेळाडूचा धर्म कोणता, यावर त्यांनी एक छोटेखानी प्रतिज्ञापत्रच लिहून ठेवले आहे. 1956 आणि 1957 या दोन वर्षी ते अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचे अध्यक्ष होते. गोल्फच्या नियमांमागील तत्त्वे सांगणारे 1960 सालचे त्यांचे पुस्तक जाणकार आजही प्रमाण मानतात.

त्या तत्त्वांतली दोन तर शाळेतल्या मुलालाही कळावीत इतकी साधी आहेत. मैदान जसे मिळाले तसे खेळावे. चेंडू जेथे पडला तेथूनच मारावा. खड्ड्यात पडला, झुडपाखाली गेला, दुसऱ्याने उडवलेल्या मातीच्या खळीत अडकला, तरी तो हाताने उचलून सोयीच्या जागी ठेवायचा नाही. ज्याने मंदीत माल अडकलेला पाहिला आहे, उधारी बुडालेली सोसली आहे आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाची फळी उघडली आहे, त्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगायला नको.

आता या खेळाची रीत थोडक्यात सांगतो. अठरा खळगे असतात. प्रत्येक खळग्यापर्यंत, जितके कमी फटके लागतील तितक्यात, चेंडू न्यावयाचा. काठ्या जास्तीत जास्त चौदा बाळगता येतात. चांगल्या खेळाडूला सगळ्या फेरीला साधारण बहात्तर फटके लागावेत, असा बहुतेक मोठ्या मैदानांचा हिशेब असतो. फेरीला चार-साडेचार तास लागतात आणि कित्येक किलोमीटर चालणे होते. इतर खेळांशी तुलना करता मोठा फरक एकच, पण तो मूलगामी आहे. खेळाडूच्या मागे शिट्टी घेऊन धावणारा पंच येथे नसतो. मोठ्या स्पर्धांत नियम सांगणारे अधिकारी असतात खरे. परंतु दाट गवतात, झाडीच्या आड, आपण आणि आपला चेंडू एवढेच असताना कोणी पाहत नाही. चेंडू हलला तर हलला असे आपणच सांगायचे आणि दंडाचा फटका आपणच आपल्या नावे मांडायचा.

हिशेबाची पद्धतही पेढीला शोभावी अशी आहे. प्रत्येक खेळाडूचे फटके त्याच्याबरोबर खेळणारा दुसरा खेळाडू लिहितो. फेरी संपली की दोघे बसून आकडे पडताळतात, ताळा जमवतात आणि दोघेही सही करतात. प्रत्येक खळग्याच्या आकड्याची जबाबदारी ज्याचे कार्ड त्याची. प्रत्यक्षाहून कमी आकड्यावर सही झाली तर तो स्पर्धेतून बाद. प्रत्यक्षाहून अधिक आकड्यावर सही झाली तर तोच अधिक आकडा कायम. मुनिमाने लिहिले होते, मी पाहिले नाही, ही सबब चालत नाही.

या नियमाचा फटका केवढा बसू शकतो, हे अर्जेंटिनाच्या रोबेर्तो दे व्हिसेन्सो यांना 1968 साली कळले. अमेरिकेतील मास्टर्स ही मानाची स्पर्धा. शेवटच्या दिवशी, 14 एप्रिलला, त्यांचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता आणि ते अप्रतिम खेळले. सतराव्या खळग्याला त्यांना तीन फटके लागले. ते हजारो लोकांनी पाहिले होते. पण सोबतच्या खेळाडूने कार्डावर नजरचुकीने चार लिहिले. दे व्हिसेन्सो यांनी घाईत सही केली. पासष्टचे सहासष्ट झाले आणि एका फटक्याने त्यांची बरोबरी हुकली. बरोबरी झाली असती, तर जादा फेरी खेळून विजेता ठरला असता. विजेतेपद बॉब गोल्बी यांना मिळाले. दे व्हिसेन्सो यांनी सोबत्याला दोष दिला नाही. स्वतःच्या मूर्खपणाला दिला. आकडा खोटा होता हे साऱ्यांना माहीत होते, तरी सही त्यांची होती. आपल्या आजोबांच्या पिढीत शब्दाखातर पदरचे पैसे भरणारी माणसे होती. तीच जात ही.

याहून कसोटीचा प्रसंग बॉबी जोन्स यांचा. हे पेशाने पुढे वकील झाले आणि स्पर्धांतल्या साऱ्या कारकिर्दीत हौशीच राहिले. 1925 सालच्या यूएस ओपन स्पर्धेत, वूस्टर येथे, लांब गवतात चेंडूमागे काठी टेकवताना चेंडू किंचित हलला. सोबत्याने पाहिले नाही, अधिकाऱ्यांनी पाहिले नाही. जोन्स यांनी आपणहून एक फटका दंड लिहायला लावला. स्पर्धा बरोबरीत आली आणि छत्तीस खळग्यांच्या जादा खेळात विली मॅक्फार्लेन यांनी त्यांना एका फटक्याने हरवले. तो दंड मांडला नसता तर जादा खेळाची वेळच आली नसती. मापात पाप नको, असे आपण म्हणतो. पण गिऱ्हाईक समोर असते तेव्हा माप सरळ धरणे सोपे असते. गिऱ्हाईक पाठमोरे असताना, किंबहुना गिऱ्हाईकच नसताना, माप सरळ राहणे हीच खरी परीक्षा.

ज्येष्ठांच्या खेळाची खुमारी येथे आहे. तरुणाला जिंकून पुढे जायचे असते. त्याच्या प्रामाणिकपणाला उद्याच्या नावलौकिकाचा थोडा आधार असतो. साठीच्या हौशी खेळाडूला पुढे कोठे जायचे आहे? नियमाप्रमाणे हौशी खेळाडूच्या बक्षिसालाच मर्यादा आहे. 2022 पासून ती साधारण एक हजार डॉलरची आहे, म्हणजे प्रवासाचा खर्चही निघेल की नाही याची शंकाच. अशा खेळात जो स्वतःच्या नावे दंड मांडतो, तो निव्वळ हिशेब खरा असावा म्हणून मांडतो.

अशा माणसांपैकी एकाचे चरित्र मला विशेष आवडते. विल्यम कॅम्बेल हे वेस्ट व्हर्जिनिया राज्यातील हंटिंग्टन गावचे विमा व्यावसायिक. दिवसभर पॉलिसींचे कागद आणि उरलेल्या वेळात गोल्फ. पाईनहर्स्टची हौशींची ‘नॉर्थ अँड साउथ’ स्पर्धा त्यांनी 1950, 1953, 1957 आणि 1967 अशी चारदा जिंकली. अमेरिकेची राष्ट्रीय हौशी स्पर्धा मात्र त्यांना वर्षानुवर्षे हुलकावणी देत होती. वर्षामागून वर्षे ते जात, हरत, परत येऊन कार्यालयाचे दार उघडत. 1964 साली, एकेचाळिसाव्या वर्षी, ती एकदाची त्यांच्या हाती आली. धंदेवाईक होण्याचा मोह त्यांना झाला नाही. पंचावन्न ओलांडल्यावर 1979 आणि 1980 अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी अमेरिकेची राष्ट्रीय ज्येष्ठ हौशी स्पर्धा जिंकली.

त्याच 1980 साली न्यूयॉर्कजवळील विंग्ड फूट येथे धंदेवाईक आणि हौशी अशा सर्व ज्येष्ठांसाठी पहिली यूएस सीनियर ओपन झाली. विजेते ठरले तेच रोबेर्तो दे व्हिसेन्सो, ज्यांना बारा वर्षांपूर्वी एका सहीने हरवले होते. त्यांच्या मागे चार फटक्यांनी दुसरे आले विल्यम कॅम्बेल. दोघेही सत्तावन्न वर्षांचे. हौशी असल्यामुळे दुसऱ्या क्रमांकाची रक्कम कॅम्बेल यांना घेता येत नव्हती. पुढे ते अमेरिकेच्या गोल्फ संघटनेचे अध्यक्ष झाले आणि 1987 मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या प्राचीन क्लबचे कॅप्टन झाले. एका अमेरिकन विमावाल्याला तो मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. 2013 साली, नव्वदाव्या वर्षी, ते वारले.

पंचावन्न हे वय कोठून आले, तेही मनोरंजक आहे. 1905 साली न्यूयॉर्क राज्यातील राय गावच्या अपवामिस क्लबात होरेस हॉचकिस नावाच्या गृहस्थांनी आपल्यासारख्या वयस्क मित्रांसाठी एक स्पर्धा योजली आणि प्रवेशाची अट पंचावन्न वर्षांची ठेवली. आपणही खेळू शकतो, फक्त नातवंडांच्या वयाच्या मुलांशी झुंजायला नको, एवढाच माफक विचार. त्यातून ज्येष्ठांच्या गोल्फची सारी परंपरा उभी राहिली. पाईनहर्स्टनंतर तीन वर्षांनी, 1955 साली, राष्ट्रीय ज्येष्ठ हौशी स्पर्धा सुरू झाली, तीही पंचावन्नच्या अटीने. टेनेसीचे लुईस ओमिग यांनी ती तीनदा जिंकली. तिसऱ्यांदा जिंकली तेव्हा, 1985 साली, त्यांचे वय एकोणसत्तर होते.

स्त्रियाही मागे नव्हत्या. मॉरीन ऑर्कट या न्यूयॉर्क टाइम्समध्ये वार्ताहर होत्या. 1931 पासून सलग तीन वर्षे पाईनहर्स्टची स्त्रियांची स्पर्धा त्यांनी जिंकली होती. 1962 साली पन्नाशीपुढील स्त्रियांची राष्ट्रीय स्पर्धा प्रथमच भरली, तेव्हा पहिले नाव त्यांचेच कोरले गेले. 1966 मध्ये पुन्हा. त्यांच्या मागून आलेल्या कॅरोलिन क्युडोन यांनी तर 1968 ते 1972 अशी सलग पाच वर्षे ती स्पर्धा कोणाला दिली नाही. आपल्याकडे घरातल्या स्त्रीची निवृत्ती हा शब्दच कोणी उच्चारत नाही. सुना आल्यावर किल्ल्यांचा जुडगा सोपवणाऱ्या सासूचीही एक लांब दुपार असते, हे येथे जाता जाता नोंदवून ठेवतो.

ज्येष्ठ गोल्फपटूंच्या मनात एक गोड महत्त्वाकांक्षा असते: वयाइतक्या फटक्यांत फेरी पुरी करणे. बहात्तर वर्षांच्या माणसाने बहात्तर फटक्यांत अठरा खळगे संपवले, तर त्याने ‘वय गाठले’. पंचविशीच्या पोराला हे जगात कोणालाच साधणार नाही. पन्नाशीतही ते जवळजवळ अशक्यच. सत्तरीच्या आसपास ते प्रथम आवाक्यात येते आणि पुढे प्रत्येक वाढदिवसाला निसर्ग एका फटक्याची सूट देतो. मात्र तितक्याच हाताने गुडघ्यातली आणि नजरेतली ताकद काढून घेतो. सॅम स्नीड या धंदेवाईक खेळाडूने 1979 साली, सदुसष्टाव्या वर्षी, तरुणांच्या मोठ्या स्पर्धेत सदुसष्ट फटक्यांत फेरी संपवली आणि त्याच स्पर्धेत पुढे सहासष्टचीही केली. वय वाढणे ही ज्यात जमेची बाजू धरली जाते, असे हिशेब जगात फार थोडे असतील.

एवढे गुणगान केल्यावर नावे बाजूही मांडली पाहिजे. एकतर्फी वही खोटी असते. ही स्वच्छ हिरवी मैदाने सर्वांना खुली नव्हती. ज्या वर्षी पाईनहर्स्टची ज्येष्ठ स्पर्धा सुरू झाली, त्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीय माणूस अशा मैदानावर बहुधा दुसऱ्याची काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी म्हणूनच येई. धंदेवाईक गोल्फपटूंच्या संघटनेने तर सभासदत्व गोऱ्यांपुरते मर्यादित ठेवणारे कलम 1961 पर्यंत जपले. पैशासाठी न खेळण्याचा थाट ज्याला परवडतो, त्याच्या फुरसतीमागे कोणाची तरी मजुरी असते. खेळाडू आपल्या कार्डावर एकेक फटका प्रामाणिकपणे लिहीत असताना शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे देणे मात्र कित्येक वर्षे कोणी लिहिले नाही. आपणही आपल्या पेढीच्या सचोटीचा अभिमान बाळगताना हमालाची, मापाड्याची, दुकानातल्या जुन्या नोकराची बाकी तपासून पाहावी.

टफ्ट्स घराण्याचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. 1970 साल संपता संपता पाईनहर्स्टची सारी मालमत्ता विकली गेली. आजोबा, मुलगा, नातू अशी पाऊणशे वर्षे चाललेली पेढी घराण्याच्या हातून गेली. रिचर्ड तेव्हा पंचाहत्तरीला टेकले होते. त्यानंतर दहा वर्षे ते जगले. मैदाने, हॉटेल, जमीन यांतले काही त्यांच्या नावे उरले नाही. टिकली ती स्पर्धा. मालक बदलले तरी ज्येष्ठ हौशी तेथे येत राहिले, चेंडू जेथे पडेल तेथून मारत राहिले, एकमेकांच्या कार्डावर सह्या करीत राहिले. घराण्याच्या ताळेबंदात जी गोष्ट कदाचित तोट्याच्या रकान्यात पडली असती, तीच त्यांच्या नावाने शिल्लक राहिली.

आपल्या देशाला हा खेळ नवा नाही. ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब कोलकात्याचा. तो 1829 सालचा. मुंबईत चेंबूरला आणि पुण्यात येरवड्याला मैदाने आहेत आणि सकाळच्या उन्हात तेथे पांढऱ्या केसांची माणसे चालताना दिसतात. पण आमचे सांगणे गोल्फ खेळा असे नाही. त्याला पैसा लागतो, अंतर पडते, आणि प्रत्येक गावी मैदान कोठून आणायचे? सांगणे एवढेच, की किल्ली सोपवण्याच्या आधीच आपली अशी एखादी वही उघडून ठेवावी, जिच्यात नफा नाही, जिला गिऱ्हाईक नाही, जिच्यात खोटे लिहिले तर कोणाला कळणार नाही आणि म्हणूनच खरे लिहिण्याचा आनंद पुरेपूर मिळतो.

ती बुद्धिबळाची असेल, पेटीवादनाची असेल, परसातल्या झाडांची असेल. आपल्या पेठेतल्या जुन्या घरांचा, जुन्या धंद्यांचा इतिहास उतरवून ठेवण्याची असेल; ते काम तर साठीच्या माणसावाचून कोणी करूच शकत नाही. फक्त दोन अटी पाळाव्यात. एक, काम अवघड असावे. सहज जमणाऱ्या गोष्टीत हिशेब ठेवण्याजोगे काही नसते. दुसरी, सोबतीला समवयस्क असावेत, म्हणजे आपले कार्ड लिहायला आणि आपण त्यांचे लिहायला कोणीतरी असेल. एकट्याने केलेल्या हौसेत माणूस स्वतःलाच सूट देऊ लागतो.

मुलांसाठीही एक शब्द. वडील दुपारी दुकानातून उठून कोठे जाऊ लागले, तर ‘या वयात हे काय’ असे म्हणू नये. त्यांनी चाळीस वर्षे चेंडू जेथे पडला तेथून मारला, म्हणून आज तुम्ही सपाट हिरवळीवर उभे आहात.

पाईनहर्स्टच्या या स्पर्धांत विजेत्याला एक छोटा पुतळा देतात. 1912 साली लूसी रिचर्ड्स या शिल्पकर्तीने तेथील सूर्यघड्याळासाठी एका लहान मुलाची मूर्ती घडवली होती. त्याच्या हातात गोल्फची काठी आहे. ‘पटर बॉय’ असे त्या पोराचे नाव पडले. तीच मूर्ती विजयचिन्ह झाली. पंचावन्न, साठ, पासष्ट वर्षांची माणसे उन्हातून मैलोगणती चालतात, स्वतःच्या चुका स्वतःच्या हाताने लिहितात आणि शेवटी काय मिळवतात, तर सूर्यघड्याळावर उभे असलेले एक लहान मूल. ते घरी नेऊन कपाटावर ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला निघतात.

ज्यांच्या खिशातून यंदा किल्ली गेली असेल, त्यांनी रिकामा खिसा चाचपत बसू नये. नवी वही आणावी. पहिल्या पानावर तारीख घालावी. पहिला आकडा कितीही मोठा, कितीही लाजिरवाणा आला, तरी तो खरा लिहावा आणि खाली सही करावी.